लोंढा, प्रतीक्षालय

आधी वही होती.
नाव, तिकीट नंबर, कुठून कुठे.
भरमव्वा अंगठा उठवायची,
मी लिहायचे: लोंढा ते मिरज.
'कारण' असा रकाना नव्हता,
पण काखेत एक्स-रेचा लिफाफा असायचाच.

आता दाराला काच आली.
तासाला तीस रुपये, मोबाईल दाखवायचा,
हिरवा दिवा लागला तर आत.
आत सोफे, एसी,
आणि बहुतेक रात्री मी एकटीच.

काल गाडी दोन तास लेट.
भरमव्वा बाहेर फरशीवर, लिफाफा मांडीवर.
"ओळग यार अदार?"
कुणी नाही, म्हटलं.
"मग कुणासाठी राखायलीस गं?"

दारात चपलेचं टोक अडकवून
मी बोटभर फट ठेवली.

गारवा तिच्या पायांपर्यंत पोचला का,
विचारलं नाही.
पहाटेपर्यंत एका पायात चप्पल घालून
फिरत होते.