आठवा आठवडा

द्वारकेच्या पुढे, आग्रा रोडला, जिथे ट्रकांची सावली
चारलाच दुकानात शिरते,
तिथे मी माझी आल्टो उभी केली.
पर्समध्ये सहा हजार. त्यातले हजार भिशीचे,
म्हणजे माझे नाहीतच.

बोराडे शेठ खुर्चीतूनच म्हणाले,
"ताई, साहेब नाही आले?"
साहेबांना गाडी येत नाही, म्हटलं.
तेव्हा कुठे ते उठले.

मागच्या टायरच्या खाचेत रुपया उभा राहिला.
पुढच्यात राहिला नाही, घरंगळत ग्रीसमध्ये गेला.
तौफिकनं तो पायानं अडवला,
पँटला पुसून परत दिला.

मग सेकंड हँड आले. नऊशेला एक.
काळ्या पॉलिशनं चमकत होते,
भाच्याच्या लग्नात डाय लावून आलेल्या काकांसारखे.
"एक नंबर माल. चाललाच नाहीये."
मी उकिडवी बसले, कडेवरून बोट फिरवत गेले
ते चार आकडे लागेपर्यंत.
०८१७.
आठवा आठवडा, साल सतरा.

तेव्हा माझं लायसन कपाटात होतं,
पासबुकं आणि पिको-फॉलच्या पावत्यांखाली.
सहा वर्षं झाली होती,
कुणी मागितलं नव्हतं, पोलिसानंसुद्धा.
आणि हा टायर कुठल्यातरी गोदामात उभा होता,
न फिरता.
चाललाच नाही म्हणजे नवाच, असं शेठ म्हणतात.
रबराला विचारा.
ते नुसतं पडून पडून कडक होतं,
वरून कळत नाही, वाकवलं की भेगा दिसतात,
टाचेला पडतात तशा, बारीक.
मी वाकवून दाखवलं.
शेठनी पंख्याकडे बघितलं.

नवे काढा, म्हटलं. या वर्षीचे. दोनच.
एकोणतीसशे. अठ्ठावीसशे.
सत्तावीसशे पन्नास, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग धरून.
"नवे पुढे टाकतो. स्टिअरिंग पुढे असतं, ताई."
नवे मागे. मागचे पुढे.
"अहो, सगळे पुढेच..."
मागे.
ओल्या उतारावर गाडी मागून सुटते,
आणि माझ्या मागे बसतात झनकर मॅडम, कमरेला पट्टा बांधून,
आणि कँटीनची हर्षला,
जी थंडीतही काच वर करत नाही.
"बरोबर बोलतायत त्या," तौफिक जॅकखालून म्हणाला.
शेठनी त्याला चहा आणायला पाठवलं.

नव्या टायरवर बारीक रबरी केस असतात,
जावळासारखे.
कुणी बघत नव्हतं. मी हात फिरवला.

"जुन्यांचे दोनशे दोनशे देतो."
चारशे. भिशीतले पाचशे तर मोडलेच होते,
चारशेनं जवळजवळ भोक बुजलं असतं.
मी त्या टकल्या जोडीकडे बघत राहिले
आणि ती मला परवाची दिसली: पॉलिश लावून, रांगेत,
आणि समोर उकिडवं कुणीच नाही,
नुसतं उभं राहून भाव करणारं कुणीतरी.

कापा, म्हटलं.
"काय?"
माझ्यासमोर कापा.

तौफिकनं चहा खाली ठेवला, सुरी आणली.
रबर सहज तुटत नाही. करकरलं,
मग आतले दोरे दिसले, पांढरे, अजून घट्ट.
"असं गिऱ्हाईक नाही पाहिलं," शेठ म्हणाले,
आणि बिलावर नाव विचारलं.
वैजयंती गायधनी. गायधनी सौ. वगैरे नको, नुसतं.

सकाळी सहा चाळीसला, बिटकोपाशी,
झनकर मॅडम दार ओढून बसल्या.
"गाडी धुतलीस का गं?"
हो, म्हटलं.

संध्याकाळी सिन्नरहून परतताना भुरभुर होती.
मोहदरीच्या वळणावर मी दुसरा टाकला,
आरशात बघितलं.
हर्षला झोपली होती,
काच खालीच.