एकशे सात

जुलैभर मला नाव नव्हतंच,
नुसता रोल नंबर, एकशे सात.
'हजर' म्हटलं तर पुढचा बाक हसला.
इथे 'येस सर' म्हणतात.

'मले' गिळून 'मला' म्हणायचे,
झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा.
डबा उघडायचे जिन्याखाली,
जवसाच्या चटणीचा वास लपवत.
मग साडेपाचच्या रोहण्याच्या एसटीपर्यंत
फळ्यावरचं इंग्रजी
जसंच्या तसं उतरवत.

पोळ्यानंतर कधीतरी
प्रॅक्टिकलला शेजारची गुल्हाने कुजबुजली,
"मले काईच समजून नाई राह्यलं वं."

मी बर्नर पेटवला.
निळी ज्योत. दोघींनी पाहिली.

आता डबा खिडकीपाशी असतो,
चटणी मला उरत नाही.
परवा सर म्हणाले, एकशे सात.
तोंडून 'हजर' गेलं.
कोणी वळूनही पाहिलं नाही.