ही ओळ काढू नये

कार्डिफच्या पेन्शन कचेरीत, चौथ्या मजल्यावर
आम्ही एकवीस जण. वीस, आणि मी.
खिडकीतून जुन्या गोदीचं पाणी दिसतं.
माझे आजोबा बर्बेऱ्याहून त्या गोदीत उतरले
आणि जहाजांच्या पोटात कोळसा ओढत राहिले,
डेकवरचा वारा फक्त ऐकून माहीत.
मीही तशी पोटातच असते.
पन्नास वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम, कोबोलमधला,
कुणी हात लावायला तयार नव्हतं
म्हणून माझ्याकडे आला,
करपलेलं पातेलं धाकट्या सुनेकडे यावं तसा.

सगळी अक्षरं मोठी, ओरडल्यासारखी.
आणि चारशे बाराव्या ओळीपाशी एक टाचण :
*लीप वर्षात विधवांचा एक दिवस गळतो.
तो इथे परत घेतला आहे.
ही ओळ काढू नये.
एम. पी., नोव्हेंबर १९७१.*

मी विचारलं, एम. पी. कोण?
ग्रॅहम म्हणाला, मिलिटरी पोलीस असेल.
हसले सगळे. मीही हसले.
ते हसणं पगारातच धरलेलं असतं.

विधवांचा एक दिवस.
पुरुषाला सुचलं नसतं, वाटलं मला.
सुचलंही असतं कदाचित. पण वाटलं खरं,
की या खोलीत आणखी कुणीतरी आहे.

तळघरातल्या रजिस्टरात सापडली :
माइर प्रॉसर. यंत्र-मदतनीस, कनिष्ठ.
पुढे लाल शाईत : गरोदर. सेवा समाप्त.
खालच्याच ओळीत तिचा शिकाऊ, डेरेक,
त्याच्यापुढे निळ्या शाईत : बढती.
शाई कोण निवडतं, रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं.

बॅरीला, समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात
तिनं माझा डोक्यावरचा रुमाल बघितला, चेहरा बघितला
आणि म्हणाली, गोळ्या आणल्यास का गं?
माझ्या तोंडात जुनीच चव आली.
नाही, म्हटलं. तुमचं टाचण वाचलं मी.
ती बराच वेळ गप्प. मग :
चारशे बारा?

वार कुठला ते तिला सांगता येत नव्हतं,
पण कार्डांचा गठ्ठा हातातून निसटला होता तो दिवस,
दोन हजार कार्डं, जिन्यावर,
ती गुडघ्यांवर बसून लावत होती अजून.
डेरेकला सगळं मीच शिकवलं, म्हणाली,
चूक कानानं कशी ओळखायची तेसुद्धा.
फेब्रुवारीत तो साहेब झाला.
मार्चमध्ये त्यानंच माझा कोट खुंटीवरून काढून दिला.
सभ्य होता हं तो.

मग एकदम पुढे वाकून,
चौथ्या मजल्यावर बायकांचा संडास झाला का?
नाही. अजून दुसऱ्यावरच.
चव्वेचाळीस पायऱ्या, ती म्हणाली.
चव्वेचाळीस, मी म्हणाले,
आणि पहिल्यांदाच त्या आकड्याला
हसता आलं. पगाराबाहेरचं.

आता नवी यंत्रणा येतेय, चकचकीत.
जुनं सगळं काढून टाका, असं ठरलं बैठकीत.
माझ्या मनात आलं, विधवांचा दिवस?
पण हात वर केला की इथे
आधी हात दिसतो.
मी नाही केला. हे मी लपवणार नाही.

रात्री थांबून नव्या यंत्रणेला
एकोणतीस फेब्रुवारी भरवली.
गळला. एक दिवस, चौदा हजार बायकांचा.
उद्या तो आकडा सगळ्यांसमोर ठेवायचा आहे,
आणि ग्रॅहम म्हणेल, तपासून बघू एकदा,
आणि तपासायला कुणाला तरी सांगेल.

दुरुस्ती लिहिली. वर टाचण लिहिलं,
तिच्याच शब्दांत, तिची अक्षरं आधी :
एम. पी. मग माझी. इदिल वार्सामे, पूर्ण.
अद्याक्षरांवर भागलं नाही एकदा.

बाहेर गोदीवर धुकं.
दिवे विझवून जिन्यात आले,
पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं,
एकोणीसपर्यंत ठरवलेलं टिकलं.