मागे दिलेला चेंडू

पोत्यातून पहिल्यांदा काढला तेव्हा
आठवीतला निखारे म्हणाला,
हे तं अंडं आहे बे!
मास्तरसमोर बे म्हटल्याबद्दल
त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या.
दुसरी संपायच्या आतच मला कळलं,
याला विंगवर ठेवायचं.

पाचपावलीच्या पुलामागची आमची शाळा.
मैदान कसलं, मुरूम.
एक टॅकल म्हणजे एक गुडघा,
एक गुडघा म्हणजे हळद,
आणि घरी सांगायला सायकल.
पोस्टचे पाईप भंगारातले, जुन्या बोअरवेलचे.
जोडताना मुफीजभाई वेल्डरने विचारलं होतं,
एवढी मोठी एच कशाला, मास्तर?
पुढची अक्षरं कधी लावता?

मी एवढंच शिकवलं:
पळायचं पुढे, चेंडू द्यायचा मागे.
मागे कोणीतरी आहेच, असं धरून द्यायचा.
पाडलं तुला, तर हात लांब कर,
चेंडू आपल्या पोरांच्या बाजूला ठेव,
मग कण्ह हवं तेवढं.

पंधरा होते.
म्हणजे चौदा, आणि शिपाई गुलाबचा भाचा,
तो पोह्यांसाठी यायचा.

उईके गेला क्रिकेटला.
मामा म्हणाला, जामठ्याचा रस्ता तिकडूनच जातो.
उईके सध्या बारावा आहे, पाणी नेतो,
पण बूट इतके पांढरे की डोळे दिपतात.
हेडाऊला फुटबॉलवाल्यांनी नेलं डाव्या पायासाठी.
मला अजूनही वाटतं, उजवा बरा होता.
सोरतेचे जुळे, स्क्रमच्या दोन भिंती,
एकाच आठवड्यात आखाड्यात गेले.
तिथे दूध मिळतं.
दूध म्हटल्यावर मी काय बोलणार?
माझे तर्री-पोहेही उधारीचे होते.

मग महालातून बुलेटवर एक माणूस आला.
तीन संध्याकाळ भिंतीला टेकून
खर्रा घोळवत बघत राहिला.
पोराचा खांदा चांगला आहे, म्हणाला. कोणी शिकवला?
मी म्हटलं, मी.
वा, म्हणाला,
आणि निखारेला घेऊन गेला.

मॅट, बूट, महिन्याला तीन हजार.
निखारे सांगायला आला, अंगठ्याने मुरूम उकरत.
सर, आपला खेळ मस्त आहे,
पण त्याले पाहाले कोन येते?
खरंच होतं.
आजवर बघायला आला तो एकच माणूस,
आणि तो कबड्डीचा.

सात जणांचाही रग्बी असतो.
मी सात केले.
पुढे पाच उरले,
पाचांचा नियम मला कुठे सापडला नाही.
मुख्याध्यापक म्हणाल्या, डेकाटे सर,
वरचे दोन पाईप कापून टाका ना,
झाला फुटबॉलचा गोल.
मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली.
दिवाळी कोणती, ते बोललो नाही.

जानेवारीत चिटणीस पार्कला गेलो.
मफलर तोंडापर्यंत, मागच्या रांगेत,
कोणी ओळखू नये म्हणून,
जसं काही मीच चोरी केली होती.
निखारे चढाईला गेला.
एकाला शिवला, गिरकी घेतली,
ती गिरकी माझी,
आणि निसटणार तेवढ्यात
तिघांनी त्याला कमरेत धरून आपटला.
मध्यरेषा वीतभर पुढे.
सगळं पार्क ओरडलं, लाइन! हात टाक बे, लाइन!

त्याचा हात लांब झाला.
पुढे नाही.
मागे, पाठीमागच्या रिकाम्या मॅटवर,
दोन्ही तळवे जोडून, हळूच,
काहीतरी ठेवल्यासारखा.

पॉइंट गेला. शेजारचा माणूस
त्याच्या आईवरून काही बोलला.
मी उभा होतो.
कधी उठलो माहीत नाही.
गुडघे वाकलेले,
दोन्ही हात मफलरीबाहेर,
उघडे.