फेटरीच्या वळणावर

काटोल रोडवर, फेटरीच्या वळणाला
तुळसाबाई नेवारे पोतं अंथरून बसते.
सांभार अजून दवानं ओला,
वांगी काटेरी, देठाशी हिरवी,
ओल्या तुरीचा ढीग.
भाव विचारायच्या आत
एक शेंग मी सोलून खाल्लेली असते.

मागच्या माघात तिला मी
माझ्या वालाचं बी दिलं होतं,
जांभळ्या कडेचं, रुमालाच्या गाठीत.
गच्चीवरचा माझा वेल
कूलरच्या जाळीवर चढून
मोजून अकरा शेंगा द्यायचा.

आज तिच्या टोपलीत तीच जांभळी कड.
म्हटलं, "बाई, हे तर माझंच!"
तिनं हसत तराजूत दगड ठेवला.
"बी तुमचं. पण माती त माही हाय न,
अन् पहाटेची थंडी बी माहीच.
वीस रुपये पाव."

दिले.
वर मूठभर सांभार तिनं न मागता टाकला,
त्याचा वास घरापर्यंत गाडीभर.

तूर सिग्नलवरच संपली.
सालं खिशात.
वालाच्या दोन शेंगा मात्र
खिडकीत वाळत ठेवल्यात,
तिला सांगायचं नाही.