शिल्लक रुपये एक्केचाळीस

मागितले होते दोन लाख चाळीस हजार,
मंजूर झाले साठ.
तेही दोन हप्त्यांत;
दुसरा, पहिल्याचा हिशेब पटल्यावर.

विषय : गिरणेतले गोड्या पाण्याचे शिंपले,
भडगाव ते कानळदा.
तज्ज्ञांचा शेरा एका ओळीचा :
‘राष्ट्रीय उपयुक्तता पुरेशी स्पष्ट होत नाही.’
स्टाफरूममध्ये मी ती ओळ मोठ्याने वाचली.
गणिताचे खैरनार सर म्हणाले,
आधी शिंपल्यांना विचारा, देशासाठी काय करता म्हणून.
हसलो सगळे.
मग बेल झाली.

सुधारित अर्ज योगराजने भरला.
योगराज भोई, एम.एस्सी. भाग दोन.
त्याच्या वडिलांनी याच पात्रात जाळं टाकलं
पात्रात पाणी होतं तोवर;
आता ते चाळीसगावला घरं रंगवतात.
‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यापुढे
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
मी खिडकीबाहेर पाहत बसले, मुद्दाम.

फेब्रुवारीत नदी म्हणजे चार डबकी.
आम्ही गुडघ्यांवर, हातात पिठाच्या चाळण्या
(शास्त्रीय चाळणी साडेसात हजारांची, नामंजूर).
रेतीचा ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला.
‘मॅडम, रेतीमा काय धुंडी राह्यनात?’
शिंपले, म्हटलं.
‘त्या ते कव्हयच सरी ग्यात,’
असं म्हणून फावडं ट्रॉलीत टाकून
तो स्वतःच उतरला शोधायला.
तासाभरात सात सापडले, पाच त्याला.
त्याची एक खेप बुडाली.
अर्जात रसायनं होती, काचसामान, प्रवास, किरकोळ.
किरकोळमध्ये चहा बसतो,
माणूस बसत नाही.

रात्री प्रयोगशाळेत रेघा मोजल्या.
शिंपल्याच्या पाठीवर वर्षाला साधारण एक.
आवर्तन वेळेवर सुटलं त्या साली रुंद,
धरणाने हात आखडला त्या साली केसाएवढी.
योगराज भिंगातून डोळा न काढता म्हणाला,
‘मॅडम, याचेपण हप्ते रखडलेत.’
सर्वांत म्हाताऱ्याच्या पाठीवर अकरा.
पावती नाही, सही नाही, शिक्का नाही,
आणि इतका चोख हिशेब
मी आमच्या अख्ख्या विद्यापीठात पाहिलेला नाही.

मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र.
पेट्रोलच्या पावत्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या;
लेखाशाखेतले लोटन आप्पा त्या उजेडाकडे धरून वाचत होते,
एक्स-रे पाहावा तशा.
‘शिल्लक एक्केचाळीस रुपये.
परत करावे लागतील. ड्राफ्टने.’
बँकेत ड्राफ्टचं कमिशन निघालं एकोणसाठ.
खिडकीतली मुलगी कळवळून म्हणाली,
मी माझ्याकडचे देते हो एक्केचाळीस.
तसं चालत नाही, म्हटलं,
आणि पहिल्यांदाच मला आप्पांसारखा आवाज आला.
कमिशन कुठल्या रकान्यात टाकू, विचारलं,
तर आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला :
‘तुमच्या.’

दुसरा हप्ता अजून प्रक्रियेत आहे.
योगराज नरडाण्याला कंपनीत लागला, रात्रपाळी.
कधी पहाटे चारला त्याचा मेसेज येतो, खाली शब्दही नसतो,
फक्त नव्या योजनेची जाहिरात :
प्राध्यापक व विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवीत आहोत,
अंतिम तारीख एकतीस.

काल संध्याकाळी तोच अर्ज उघडून बसले होते.
राष्ट्रीय उपयुक्तता, तीनशे शब्दांत.
फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे इंजिनची घरघर.
‘मॅडम, एक सापडना. जित्ता शे.
ठेऊ का सोडू?’

सोडा, म्हटलं.
कुठे, किती खोल, ते विचारून घेतलं
आणि वहीत लिहिलं.
खर्च : शून्य.