उरेब

गुदैबियाच्या गल्लीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
तामुनाबाईंचा बॅलेचा क्लास.
ऑगस्टातली दमट संध्याकाळ, काचांवर बाहेरून घाम.
मी सात चोळ्या घेऊन गेलो,
पांढरं सॅटिन, माप चोख, शिवण दिसेल तर शपथ.

बाईंनी एक जुमानाला घातली. म्हणाल्या, वळ.
मुंढ्यात कापड करकचलं.
"मास्तर, ही तुम्ही भिंतीसाठी शिवलीत."

मग स्वतः उभ्या राहिल्या.
पाय कोपऱ्याकडे, कंबर पायांबरोबर,
एक खांदा जरासा पुढे,
दुसऱ्याला मागचं काही आठवलेलं,
आणि मान त्या पुढच्या खांद्यावरून पलीकडे.
"एपोलमाँ," म्हणाल्या.
मी तो शब्द टाचणीसारखा ओठांत धरला.

किती पुढे? विचारलं. इंचात सांगा.
बाई हसल्या.
"कुणी हाक मारली आणि जायचं नसलं
की जितका जातो, तितका."

जुमाना अकरा वर्षांची. खांदे कानांना लावून उभी,
आता कोण रागावणार अशी.
"उचलू नकोस गं, वळव."
तिनं वळवला.
आणि पोरगी एकदम कागदावरून उठली.

चिपळूणला वस्ताद सांगायचे,
उभ्या धाग्यावर कापड ऐकतं,
उरेब काप, मग बोलायला लागतं.

एकतीस वर्षं मी उभ्या धाग्यावर.
व्हिसाचा फोटो : समोर बघा, दोन्ही कान दिसू द्या.
सीपीआर कार्डाचा फोटो : हलू नका.
मेडिकलला छाती थंड पत्र्याला टेकवून,
खांदे पुढे, श्वास रोखा.
सोडा, असं कधी म्हणाले
ते मला ऐकूच आलं नसावं.

रात्री सातही चोळ्या उसवल्या.
मुंढे उरेब कापले, बगलेत कळी घातली.
शेवटचा दोरा तोडला आणि आरशात बघितलं :
गळ्यात टेप, उजवा खांदा
मशीनमुळे पाऊण इंच खाली.
मुंबईला असतो तर पॅड घालून लपवला असता,
गिऱ्हाइकांचा लपवतो तसा.

डावा पुढे घेतला. मान त्याच्यावरून.
हा माणूस माझ्या कुठल्याच कार्डावर नव्हता.

शटर अर्धं खाली होतं.
बाहेरून कुणी ओरडलं,
"मास्तर, बंद केलं का?"

वळलो.
तेवढाच.